मॉनिटरवरचा गामछा

गेल्या आठवड्यात मौसुमीचा फोन आला. मी ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं लावत होते.

"अनघादी, विद्यापीठाच्या वेबसाइटवर शरयूदीचा फोटो लावलाय म्हणे?"

"मला नाही माहीत. कुठे?"

"कँटीनमध्ये ऐकलं. मी ते पान उघडलं, तर माझा रीडर नुसता 'ग्राफिक' म्हणतोय. 'ग्राफिक', आणि पुढे गप्प. बघा ना, काय आहे त्यात."

मौसुमी आमच्याकडे इतिहासात पीएच.डी. करते. तिला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, स्क्रीन रीडर, ते ती फोनवर आणि संगणकावर वापरते. मजकूर असेल तर ते वाचतं. चित्र असेल तर चित्रामागे कुणीतरी दोन ओळी लिहून ठेवाव्या लागतात, की बाबा, यात अमुक आहे. नाही लिहिल्या तर ते 'ग्राफिक' म्हणतं आणि पुढे सरकतं.

मी पान उघडलं. वर ठळक अक्षरांत 'सर्वांसाठी खुलं विद्यापीठ'. खाली फोटो, आणि फोटोत खरंच शरयूताई. आणि फोटोमागे? एक अक्षर नाही! माझं टाळकंच सरकलं. 'चित्रामागे दोन ओळी लिहा हो' म्हणून ज्या बाईने आठ-नऊ वर्षं या इमारतीत घसा फोडला, तिचाच फोटो टांगला, तोही मुका. निर्लज्जपणा म्हणावा, तर त्यालाही थोडी अक्कल लागते.

"थांब," मी मौसुमीला म्हटलं, "मी लिहून काढते काय आहे ते." दोन ओळी लिहायला बसले. पण शरयूताई दोन ओळींत मावणाऱ्या नव्हत्या. तेव्हा आधी हे सगळं.

शरयू दाबके मूळच्या मिरजेच्या. यजमान बँकेत अधिकारी, त्यांची बदली कोलकात्याला झाली म्हणून इकडे आल्या आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नोकरीला लागल्या. तीन वर्षांनी यजमानांची बदली पाटण्याला झाली, तेव्हा ह्या म्हणाल्या, "मी काय पार्सल आहे का, पत्ता बदलला की निघायला?" आणि राहिल्या. बुटक्या, सुती साडी, पायात पांढरे कापडी बूट आणि खांद्यावर लाल-पांढऱ्या चौकटींचा गामछा, म्हणजे इकडचा पंचा. सियालदहच्या बाजारात हमालांच्या खांद्यावर असतो तोच. ऑफिसातल्या बंगाली बायकांना ते बघवायचं नाही. "शरयूदी, भद्र घरची बाई गामछा घेते का?" त्यावर ह्या घाम पुसत म्हणायच्या, "घाम काय भद्र-अभद्र बघून येतो?" बंगाली त्या फाडफाड बोलायच्या, पण रागाच्या ऐन भरात बंगाली संपायचं आणि मिरज सुरू व्हायची. समोरच्याला शब्द कळायचे नाहीत, अर्थ मात्र बरोबर पोचायचा.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या आईमुळे. माझे यजमान रेल्वेत, गार्डन रीचला ऑफिस. आम्ही नुकतेच अकोल्याहून आलेलो, मी इथे ग्रंथालयात नव्यानेच लागलेली. मी जिन्यात उभी राहून फोनवर आईला सांगत होते की इथे कुणाशी मराठीत चार शब्द बोलायची सोय नाही. मागून आवाज आला, "आहे की! भांडायचीसुद्धा आहे." वळून बघते तर ह्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत नेलं. मोडके पंखे ठेवायची खोली ती. डब्यातली मुरी, म्हणजे आपले चुरमुरे, काढली, त्यावर मिरजेहून आलेली शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल घातलं, कालवलं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "खा. आणि खाता खाता टाइप कर."

ही आमची 'सेवा'. गटाला नाव नव्हतं, आदेश नव्हता. शरयूताई, मी, हिशेब विभागातले बिमलदा आणि कुणी येऊन-जाऊन. सगळे इथलेच नोकरदार, आपापलं काम सांभाळून दुपारच्या सुट्टीत बसणारे. काम काय, तर नोटिसा पुन्हा टाइप करायच्या.

हा प्रकार बाहेरच्या माणसाला सांगितला तर खरा वाटत नाही, म्हणून नीट सांगते. विद्यापीठात नोटीस निघते कशी? कारकून ती संगणकावर टाइप करतो. तिथेच ती वेबसाइटवर टाकली तर मौसुमीसारख्यांना लगेच ऐकता येईल. पण नाही! सही-शिक्का दिसल्याशिवाय नोटीस खरी कशी वाटणार? म्हणून ती छापायची, साहेबांची सही घ्यायची, गोल शिक्का मारायचा, आणि मग मोबाइलने तिचा फोटो काढून, वाकडातिकडा, कोपऱ्यात कारकुनाच्या अंगठ्यासकट, तो वेबसाइटवर चढवायचा. झाली नोटीस ग्राफिक. मग आम्ही त्या फोटोकडे बघून तोच मजकूर परत टाइप करायचा आणि न दिसणाऱ्या मुलामुलींना मेल करायचा. शरयूताईंचा दर वेळी जीव जायचा. "लिहिलेलं छापायचं, छापलेल्याचा फोटो काढायचा, आणि फोटो बघून आम्ही पुन्हा लिहायचं! कुठल्या गाढवाने शिकवलं यांना?" मी एकदा म्हणाले, "आंधळा कारभार आहे झालं." तर माझ्यावरच उखडल्या. "आंधळा म्हणू नकोस. आंधळी माणसं नीट काम करतात. हा चांगला डोळस कारभार आहे."

त्यांचा चहाचा नियम इथेच सांगायला हवा. बाईंना चहा प्राणप्रिय. फाटकाबाहेर मातीच्या भांड्यातला चहा दिवसातून कितीदा व्हायचा, देव जाणे. पण ज्याच्याशी भांडायचंय त्याचा चहा प्यायचा नाही. आमच्या ऑफिसात तक्रार घेऊन कुणी आलं की आधी "बोशुन, चा खान" होतं. बसा, चहा घ्या. पंख्याखाली बसवतात, चहा येतो, बिस्किट येतं, घरची चौकशी होते, आणि तक्रार घेऊन आलेला माणूस नमस्कार करून बाहेर पडतो. "चहा पोटात गेला की आवाज उतरतो गं," त्या म्हणायच्या. "काम झालं की पिईन." म्हणून त्या कुठल्याही केबिनमधून बाहेर आल्या की बिमलदा पहिला प्रश्न विचारायचे, "काप भोरा, ना खाली?" कप भरलेला की रिकामा? बहुतेक वेळा भरलेलाच असायचा.

आता गामछा. त्यांची एक पद्धत होती. कुणी म्हणालं की वेबसाइट उत्तम आहे, की त्या वाद घालायच्या नाहीत. सरळ त्याच्या केबिनमध्ये जायच्या, खांद्यावरचा गामछा त्याच्या मॉनिटरवर टाकायच्या, माउस काढून खिडकीत ठेवायच्या, त्याच्या कानाला हेडफोन लावायच्या आणि म्हणायच्या, "आता स्वतःच्या रजेचा अर्ज भरा." पडदा दिसत नाही, हाताशी नुसता कीबोर्ड, कानात यंत्र बोलतंय, बटन, बटन, ग्राफिक, बटन. भल्याभल्यांना घाम फुटायचा. मग त्या गामछा उचलून त्यांनाच पुसायला द्यायच्या.

रजिस्ट्रारसाहेबांवरही त्यांनी हा प्रयोग केला. आम्ही सगळे दारात उभे होतो. साहेबांनी हेडफोन लावले, दोन-चार कळा दाबल्या आणि हसत सुटले. "ऑद्भुत! शरयूदेवी, काय विलक्षण अनुभव आहे हो!" त्यांनी सगळ्यांना चहा मागवला, मग पी.ए.ला शोधून आणवलं, पुन्हा हेडफोन लावून फोटो काढायला लावला, विद्यापीठाच्या बातमीपत्रात छापू म्हणाले. सगळे हसले. खोटं कशाला बोलू, साहेब हसले म्हणून आम्हीही हसलो. नोटिशीचं विचारलं तर म्हणाले, "होबे, होबे." होईल, होईल.

बाहेर आल्यावर शरयूताई जिन्यात बसल्या. मी पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झालेला ऐकला. "त्यांना गंमत वाटली गं," त्या म्हणाल्या. "मी जत्रेतला खेळ दाखवला. मुलांचं जगणं आहे ते, आणि ह्यांना गंमत वाटली!" बिमलदांनी विचारलं, "काप?" "भोरा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर न्यू टाउनमधल्या एका कंपनीला प्रवेशाच्या नव्या पोर्टलचं काम दिलं. बैठकीत त्यांचा एक चुणचुणीत अधिकारी आमच्या तक्रारी ऐकून म्हणाला, "मॅडम, पण असे यूजर असतील किती?" शरयूताई म्हणाल्या, "जिन्याला कठडा बसवताना तुम्ही पडणारे मोजून घेता का?" पोर्टल तसंच आलं. 'मी यंत्र नाही' हे सिद्ध करायला बस असलेली चित्रं ओळखायची! मुलं आम्हाला फोन करायची आणि आम्ही त्यांच्यासाठी बसगाड्या ओळखत बसायचो. आणि वर्षाच्या शेवटी आम्हाला प्रशस्तिपत्र. 'निःस्वार्थ सेवेबद्दल.' तेही फोटो काढून मेल केलेलं. ग्राफिक!

ह्या सगळ्यावर खरं बोट ठेवलं ते मौसुमीने. ती तेव्हा एम.ए. संपवून पीएच.डी.च्या मुलाखतीची वाट बघत होती. सियालदहच्या लाइनवरून रोज एकटी यायची. बोलायला तिखट. एक दिवस मोडक्या पंख्यांच्या खोलीत आली आणि म्हणाली, "शरयूदी, तुम्ही टाइप करायचं बंद करा."

"का गं?"

"तुम्ही करून देता म्हणून ते कधीच करणार नाहीत. आणि मला जन्मभर तुमच्या मेलची वाट बघायची नाही. इतरांना वेबसाइट आहे. मला तुमची दुपारची सुट्टी आहे."

शरयूताईंना ते लागलं. मला तर चक्क राग आला. एवढं करून वर हे ऐकायचं? पण शरयूताईंनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी येऊन म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलतेय. आपण त्यांच्या पापावर पांघरूण घालतोय, तेही स्वतःच्या हाताने विणून." त्यांनी रजिस्ट्रारना लेखी कळवलं, समोर उभं राहून सांगितलंही, की पुढच्या महिन्यापासून आमचं टाइप करणं बंद; कारकुनाने टाइप केलेली मूळ नोटीसच वेबसाइटवर चढवा, शिक्क्याचा फोटो हवा तर खाली जोडा. साहेब म्हणाले, "निश्चय, निश्चय." नक्की, नक्की. चहा आला. ह्यांनी घेतला नाही.

आणि पुढच्याच महिन्यात, व्हायचं तेच झालं. पीएच.डी.च्या मुलाखती अलीकडे आणल्याची नोटीस निघाली. फोटो! मौसुमी रोज पान तपासत होती. फोटोतला मजकूर वाचणारं ॲप असतं, ते तिने लावून पाहिलं. बाकी सगळं वाचलं त्याने. पण साहेबांचा गोल शिक्का नेमका तारीख बदलल्याच्या ओळीवर मारलेला. तिथे ॲप काहीबाही बरळलं. तिने ऑफिसला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "वेबसाइट पे देख लीजिए ना." देख लीजिए! तारीख बदललीय हे न कळल्याने ती जुन्या तारखेला आली, तेव्हा मुलाखती होऊन गेल्या होत्या.

मौसुमी रडली नाही. खोलीत येऊन काठी कोपऱ्यात उभी केली आणि म्हणाली, "शेजारच्या कुणाला विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला विचारायचं नव्हतं." तिच्या वडिलांचं घरात आधीच चाललं होतं की पुरे झालं शिक्षण. या वर्षी प्रवेश नाही मिळाला, तर तिची सियालदहची गाडी कायमची बंद होणार होती. शरयूताई तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मला बघवेना. टाइप करायचं आपण थांबवलं आणि पोरीचं वर्ष गेलं, हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रारांच्या केबिनमध्ये बैठक. साहेब, इतिहासाच्या विभागप्रमुख बाई, शरयूताई, मौसुमी, आणि दाराशी मी. चहा आलाच. साहेबांनी नोटिशीचा मूळ कागद टेबलावर ठेवला आणि काय म्हणाले असतील? माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. म्हणाले, "खरं सांगायचं तर ही तुमच्या गटाची चूक आहे. तुम्ही वेळेवर टाइप करून द्यायला हवं होतं."

अरे, वा रे वा! नाव नाही, आदेश नाही, खोली मोडक्या पंख्यांची; काम केलं तर निःस्वार्थ सेवा, आणि नाही केलं तर चूक! मी काहीतरी बोलणार होते, पण शरयूताईंनी हात वर केला.

"हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "चूक माझीच. इतकी वर्षं तुमचं काम मी केलं, ही चूक."

"तसं नाही हो. पण नोटीस तर वेबसाइटवर होती ना? लपवली थोडीच होती?"

शरयूताईंनी खांद्यावरचा गामछा काढला, टेबलावरच्या त्या कागदावर पसरला आणि म्हणाल्या, "वाचा."

"म्हणजे?"

"तारीख वाचा मुलाखतीची."

"गामछा काढा आधी."

"का? नोटीस आहे ना तिथे? मी कुठे लपवलीय? तुमच्या टेबलावर आहे, तुमच्या सहीची आहे, शिक्क्यासकट आहे. वाचा."

साहेबांचा हात गामछ्याकडे गेला. शरयूताईंनी त्यावर आपला पंजा ठेवला आणि मग मिरज सुरू झाली. "हात लावायचा नाही! तिला हात लावता आला का? तिने फोन केला तर तिला 'देख लीजिए' म्हणता? लाज वाटत नाही? आता तुम्ही शेजारच्या कुणाला तरी विचारा, विनवण्या करा, की बाबा रे, मला एवढी तारीख सांग!" मराठी त्या खोलीत आम्ही दोघी सोडून कुणालाच येत नव्हतं. भाषांतर कुणी मागितलं नाही.

मग विभागप्रमुख बाई, ज्या आतापर्यंत चमच्याशी खेळत होत्या, म्हणाल्या, "समितीतले सगळे आज विभागात आहेत. मुलीला दुपारी पाठवा. मुलाखत घेऊ. नियमात कसं बसवायचं ते रजिस्ट्रारसाहेब बघतील." साहेबांनी मान डोलावली. दुसरं करणार काय होते?

शरयूताईंनी गामछा उचलून खांद्यावर टाकला. मग समोरचा कप उचलला आणि फुर्रकन आवाज करत सगळा चहा पिऊन टाकला.

"शरयूदी, चहा घेतलात?" मौसुमीने विचारलं.

"घेतला. थंडगार होता."

मौसुमीला प्रवेश मिळाला, स्वतःच्या हुशारीवर. शरयूताईंना बढती मिळाली. बढती म्हणजे न्यू टाउनच्या नव्या इमारतीत जुन्या उत्तरपत्रिकांच्या गोदामावर देखरेख. तिथे ना विद्यार्थी, ना केबिन, ना गामछा टाकायला मॉनिटर. निवृत्तीपर्यंत तिथेच ठेवलं. ह्याला सूड म्हणतात. पण तो शाल घालून, हसतमुखाने घेतात.

निवृत्तीनंतर मिरजेला जायला निघाल्या, तेव्हा आम्ही हावड्याला पोचवायला गेलो. डब्यात पुढचं स्टेशन दाखवणारी पाटी होती, नुसती अक्षरं सरकत होती. ह्यांनी अटेंडंटला गाठलं. "हा बोर्ड बोलत का नाही? न दिसणाऱ्याने उतरायचं कुठे?" तो बिचारा चादरी वाटत होता. गाडी हलली. आम्ही हात हलवतोय आणि खिडकीत शरयूताईंची आमच्याकडे पाठ! यजमान आमच्याकडे बघून ओशाळे हसत होते. गामछा खांद्यावरच होता.

तर, फोटोचं वर्णन. मी शेवटी ते लिहिलं आणि वेबसाइट बघणाऱ्या ऑफिसला पाठवलं, की फोटोमागे घाला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. कृपया हे वर्णन छापून, विभागप्रमुखांची सही आणि शिक्का घेऊन पाठवावे, म्हणजे स्कॅन करून चढवता येईल.

मी ते उत्तर दोनदा वाचलं. मग ग्रंथालयातच, सगळ्यांसमोर, मिरजेची नसूनही मिरजेच्या आवाजात जे बोलायचं ते बोलले. शिक्का मी मारलेला नाही आणि मारणार नाही. माझी त्यांच्याशी झटापट चालू आहे. पण मौसुमीला कशाला ताटकळत ठेवू? तिला फोन लावला आणि वाचून दाखवलं.

"एक मोठं टेबल. टेबलामागे हेडफोन लावलेले एक साहेब बसलेत, ते मोठ्याने हसताहेत. त्यांच्या मॉनिटरवर लाल-पांढऱ्या चौकटींचा गामछा टाकलाय. दारात उभी असलेली माणसंही हसताहेत. टेबलाच्या उजव्या बाजूला एक बुटकी बाई उभी आहे, सुती साडीतली. ती हसत नाहीये. तिच्यापुढे चहाचा कप आहे. भरलेला. वर साय धरलीय."

मौसुमीने एवढंच विचारलं.

"कप भरलेला आहे?"

"काठोकाठ."

"मग शरयूदीच," ती म्हणाली.